अज्जांच्या हातची भवानी

आमच्या विभागीय कार्यालयात जन्म-मृत्यूची खिडकी उजवीकडे, घरपट्टीची डावीकडे आणि दोन्हींच्या मधे, जिथं पूर्वी पाण्याचा माठ असायचा, तिथं माझं टेबल. निवडणूक लागली की त्या टेबलावर ‘मतदार नोंदणी’ असा पुठ्ठा उभा राहतो. निवडणूक झाली की पुठ्ठा कपाटामागं जातो आणि मी पुन्हा आवक-जावक लिहायला लागते. माठ जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सोलापूरच्या उन्हातून आलेली म्हातारी माणसं अजूनही सवयीनं माझ्याकडं येतात आणि पाणी मागतात. मी आधी पाणी देते, मग विचारते, यादीत नाव आहे का.

माझा स्वभाव मला माहीत आहे. अर्धवट भरलेला कागद मला बघवत नाही. पत्त्यात ‘देवळाजवळ’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. सोलापुरात देवळाजवळ काय नाही? आमचे मिस्टर म्हणतात, हिच्यासमोर देव जरी उभा राहिला तरी ही आधी रहिवासी पुरावा मागेल. मागेनच. देवाचा तरी पत्ता पक्का आहे, आमच्या भाडेकरूंचा पत्ता दर अकरा महिन्यांनी बदलतो.

केंद्रस्तरीय अधिकारी हे निवडणुकीच्या दिवसांतलं माझं भारदस्त नाव. अर्थ एवढाच की एका मतदान केंद्राची यादी माझी. त्या यादीतल्या गल्ल्या, घरं आणि माणसंही माझी. कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण नोकरीला पुण्याला गेलं, ते दारोदार फिरून लिहायचं. जुन्या पेठेतली ती गल्ली म्हणजे एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, समोर दखनी, आणि भांडण मात्र सगळ्यांचं मराठीत. पलीकडच्या बोळात दोन-तीन माग अजून चालतात. त्यांच्या खडखडाटात बोलायची सवय झाल्यामुळं इथली माणसं कार्यालयातही ओरडूनच बोलतात. नवीन आलेल्या साहेबांना दरवेळी वाटतं, मोर्चा आलाय.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी यादी घेऊन बसते. इतकी वर्षं तिथं बसून मला एक कळलंय, माणूस कसा मत देतो ते तो कुणाला देतो त्याहून जास्त बघण्यासारखं असतं. काहीजण चिठ्ठी हातात असूनही यादीत स्वतःचं नाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत जात नाहीत. नावावर बोट ठेवतात, समाधानानं मान हलवतात, मग जातात. विड्या वळणाऱ्या बायका घोळक्यानं येतात आणि घोळक्यानंच परततात, एकीचं नाव सापडलं नाही तर सगळ्या खोळंबतात. एक गृहस्थ दरवेळी नवा शर्ट घालून येतात आणि तो नवा आहे हे मला सांगतात. आणि काही बायका, बहुतेक सुना, दुपारी तीन-साडेतीननंतर एकट्या येतात, पदराला हात पुसत. त्यांना काही विचारलं तर आधी “उशीर झाला मॅडम” म्हणतात, जणू उशीर माझा झालाय.

आणि या सगळ्यांच्या आधी यायचे अज्जा.

अज्जा म्हणजे कन्नडात आजोबा. अख्खी गल्ली त्यांना याच नावानं हाक मारते, त्यामुळं मीही. ते मला तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. पंच्याऐंशी पार केलेला माणूस मला धाकटी बहीण म्हणतो हे ऐकून कार्यालयातल्या पोरी हसतात. हसू देत. पन्नाशी उलटल्यावर आपल्याला कुणी धाकटी म्हणावं यासारखं सुख नाही.

त्यांचं जोंधळ्याचं आणि डाळीचं दुकान होतं. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आमच्याकडं भवानी म्हणतात, आणि ती कुणाच्या हातची होते यावर दुकानदाराचा सगळा दिवस असतो, अशी समजूत. अज्जांचा हात चांगला, हे पेठेत पक्कं ठरलेलं होतं. सकाळी स्वतःचं दुकान उघडायच्या आधी ते हारवालीकडून एक हार घ्यायचे, पानवाल्याकडून एक पान, आणि कुणी नवीन दुकान टाकलं असेल तर तिथून काहीतरी बारीकसारीक. कधीकधी तर लोक शटर वर करून त्यांची वाट बघत थांबायचे आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला “दोन मिनिटं थांबा” म्हणायचे. पुढं गुडघे गेले, दुकान बंद झालं, सकाळची फेरी बंद झाली. हारवालीची सून आता कुणाचीही भवानी घेते.

एक भवानी मात्र त्यांच्याकडं राहिली होती. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला शाळेचं दार उघडलं की पहिलं मत अज्जांचं. आतल्या नोंदवहीत अनुक्रमांक एक, त्यापुढं त्यांची कन्नडातली गोल गोल सही. हे कधीपासून चालू होतं ते गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. बायका भाकऱ्या थापता थापता खिडकीतून विचारायच्या, “अज्जा जाऊन आले का?” आले असले तरच मग बाकीची गल्ली बाहेर पडायची. शाळेच्या आठ पायऱ्या ते दोन ठिकाणी थांबून चढायचे, कुणाचा हात घ्यायचे नाहीत, आणि बाहेर आले की पायरीवर उभं राहून म्हणायचे, “जावा आता.”

हे सगळं मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक असूनही मी जे केलं ते केलंच.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक दिवाळीला लागूनच आली. पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांना घरून मत देता येतं, त्यासाठी त्यांनी एक अर्ज भरून द्यायचा. अर्ज गोळा करायला पाच दिवस मुदत. माझ्या यादीत असे आजी-आजोबा मोजकेच, पण कार्यालयातल्या फळ्यावर रोज प्रत्येकीच्या नावापुढं किती अर्ज आले ते लिहिलं जायचं. माझ्या ओळीत सगळे अर्ज सगळ्यांच्या आधी यावेत अशी माझी हौस. त्यात घरी चकलीची भाजणी मळून ठेवलेली. म्हणून मी काय केलं, तर सगळ्यांचे अर्ज कार्यालयातच बसून माझ्या सुवाच्य अक्षरात भरून टाकले. राहिल्या फक्त सह्या. वसुबारसेच्या दिवशी दुपारी मी गल्लीत शिरले आणि अर्ध्या तासात सह्या गोळा करून बाहेर पडायचं ठरवलं.

अज्जा कट्ट्यावर बसले होते. चष्मा आत राहिलेला. आत सूनबाई करंज्या तळत होत्या, त्याचा वास बाहेरपर्यंत आलेला.

“अज्जा, इथं सही करा.”

“कशाची?”

“निवडणुकीची. तुमचा त्रास वाचेल.”

“बरं झालं बाई,” सूनबाई आतून म्हणाल्या.

अज्जांनी आणखी काही विचारलं नाही. तंगी सांगतेय म्हटल्यावर काय विचारायचं? त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि माझं बोट होतं तिथं सही केली. मी करंजी खाल्ली, चहा प्याले, आणि चकल्या करायला घरी पळाले. संध्याकाळी फळ्यावर माझी ओळ सगळ्यात आधी पूर्ण झाली. मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दिवाळी झाली. मंजूर झालेल्या अर्जांची यादी आली आणि पथक कुणाकडं कधी येणार त्याच्या चिठ्ठ्या मला वाटायला मिळाल्या. अज्जांच्या हातात चिठ्ठी दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

“तंगी, ह्यो कागद कशाचा?”

“पथक येणार आहे अज्जा, तुमच्या घरी. बसल्या जागी मत. रांग नको, पायऱ्या नकोत.”

“आनि शाळंत?”

“शाळेत जायची गरजच नाही आता.”

“गरजंचं न्हाय इचारलं मी. जाता येतंय का न्हाय, ते सांग.”

मी म्हटलं, नाही. घरून मत मागितलं की यादीत नावापुढं खूण होते. मग केंद्रावर मत देता येत नाही. हे सांगताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसले आहे.

अज्जांनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. “त्या दिशी सही घेटलीस ती ह्याचीच व्हय?”

“हो.”

“तू सांगितलं न्हाईस की.”

“म्हटलं होतं ना, तुमचा त्रास वाचेल.”

“तरास माजा हुता,” अज्जा म्हणाले. “त्यो वाचवायला तुला कुनी सांगितलं?”

 मी आपली नियम सांगत राहिले, कारण नियम सांगायला लागले की मला धीर येतो. त्यांनी ते ऐकलंही नाही. काठी घेतली, उठले आणि दारात वळून म्हणाले, “दुकान गुडघ्यानं बंद केलं, त्याचं वाईट वाटलं न्हाय. हे मातूर तू बंद केलंस.”

त्या कट्ट्यावरून चहा न घेता मी कधी उठले नव्हते. त्या दिवशी उठले. गल्लीच्या टोकाशी येईपर्यंत डोळे भरून आले होते, आणि मी त्याचं खापर मागांतून उडणाऱ्या धाग्यांवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निवडणूक कक्षातल्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे, सज्जन, पण नियमाला माझ्याहून पक्के. एरवी मला असा माणूस आवडतो.

“अर्ज मागं घेता येईल का?” मी विचारलं.

“मंजूर झालाय, खूण झाली, यादी छापून गेली. आता नाही.”

“चूक माझी आहे साहेब. मी त्यांना वाचून दाखवलं नाही.”

“तुमच्याकडून?” साहेबांनी मान वर केली. माझ्या हातून चूक होते ही बातमी त्यांना नवीन होती. मलाही नवीनच होती. “पण आजोबांचं मत तर होतंय ना? मग बिघडलं कुठं?”

भवानी म्हणजे काय ते मी त्यांना सांगायला लागले. ते विदर्भातले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, हे मी फाइलवर कसं घेऊ?”

खरंच होतं. मी परत येऊन टेबलाशी बसले. कारकुनाच्या हातात असतं तरी काय? खूण पुसणं हातात नाही, नियम बदलणं हातात नाही. बराच वेळ पथकांच्या मार्गाचा कागद समोर घेऊन बसले होते. माझ्या भागाचं पथक कार्यालयातून सकाळी नऊला निघणार, आधी मोठ्या रस्त्यावरची घरं, मग पलीकडची वसाहत, आणि अज्जांचं घर सगळ्यात शेवटी, दुपारी. का, तर त्या गल्लीत गाडी जात नाही. आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. घरांचा क्रम! क्रम लावणं तर माझंच काम. तेच तर मी जन्मभर करत आलेय.

पुन्हा साहेबांकडं गेले. “साहेब, आमच्या पथकानं गाडीत बसायच्या आधी चालत एक घर केलं तर चालेल? कार्यालयापासून दोन गल्ल्या. गाडी नंतर मोठ्या रस्त्यावर घेता येईल.”

“पहिलं घर त्यांचं करायचंय?”

“हो.”

“पण सगळी पथकं नऊलाच निघणार. त्यात पहिलं, दुसरं असं काही नसतं.”

“निघतील नऊला. पण गाडीत पेट्या ठेवायच्या, फोटोवाला शोधायचा, पोलिसाची वाट बघायची, यात किती वेळ जातो ते मला माहीत आहे. आमचं पथक तोवर पोचलेलं असेल.”

साहेब पहिल्यांदाच हसले. त्यांनी कागद घेतला, शेवटच्या घराला बाण काढून वर नेला आणि बाजूला बारीक सही केली. आयुष्यात मी मागून घेतलेली ती पहिली मेहेरबानी.

मतदानाच्या काही दिवस आधी, पथक यायच्या सकाळी, मी साडेआठपासून सगळ्यांच्या मागं लागले होते. दोन अधिकारी, एक चित्रीकरण करणारा, एक पोलीस, आणि उमेदवारांची दोन माणसं, अशी आमची वरात गल्लीत निघाली. मी सगळ्यात पुढं, इतकी भरभर की पोलिसानं विचारलं, “बाई, काही पळून चाललंय का?”

अज्जा तयार होते. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी. म्हणजे रागातही त्यांनी मतदानाचा पोशाख चुकवला नव्हता. माझ्याकडं मात्र बघितलं नाही. पुठ्ठ्याचा आडोसा ठेवायला सपाट जागा शोधली तर ती एकच, सूनबाईंचं शिलाई मशीन. अधिकारी म्हणाले, “आजोबा, खुर्ची घ्या.”

“मत बसून देत न्हाईत,” अज्जा म्हणाले आणि काठी भिंतीला टेकवून आडोशामागं उभे राहिले.

आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. मागं कागदाचा आवाज, मग घडीचा. छोटं पाकीट, त्याला डिंक, मग मोठं पाकीट, त्यालाही डिंक, मग सही, मग पेटी. बटण दाबायची सवय झालेल्या माणसाला हे सगळं लांबण वाटलं असणार. पेटीत पाकीट पडल्यावर त्यांनी हात पुसले आणि अधिकाऱ्यांना विचारलं, “कितवं?”

“आमच्या पथकाचं पहिलं, आजोबा.”

मला राहवलं नाही. “अज्जा, आमचं पथक चालत आलंय. बाकीच्यांच्या गाड्या अजून कार्यालयाबाहेर उभ्या आहेत, येताना मी बघितलं. सगळ्या मतदारसंघात पहिलं मत तुमचं पडलंय. नुसत्या शाळेतलं नाही.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “खरं?”

“लिहून देता येणार नाही. पण खरं.”

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते थांबलं. “पर बगायला कोन हुतं?” ते म्हणाले. “भवानी कुनी बगितली न्हाय, तर मागल्यांनी कसं निगायचं?”

याचं मी काही करू शकत नव्हते. दार लावून, पाठ फिरवून घेतलेलं मत होतं ते.

सूनबाई तेवढ्यात आठ कप चहा घेऊन आल्या. एका शेगडीवर चहा झाला होता, दुसऱ्या शेगडीवर भाकरी फुगत होती, एक नातू डबा मागत होता, दुसऱ्याचा मोजा सापडत नव्हता, आणि मशीनवरचं शिवण पथकासाठी घाईनं उचलून त्यांनी खांद्यावर टाकलं होतं. ते अजून खांद्यावरच होतं. अज्जा काठीवर हात ठेवून हे सगळं बघत होते. दरवेळी मत दिल्यावर या घटकेला ते शाळेच्या पायरीवर असायचे, घरात नसायचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“मताच्या दिशी बी असंच असतंय व्हय?” त्यांनी सुनेला विचारलं.

“असंच की मामा.”

“मग तू कवा जातीस?”

“आवरलं की. तीनला, साडेतीनला.”

“दरवेळी?”

“लगीन झाल्यापासनं,” सूनबाई म्हणाल्या, आणि मोजा शोधायला गेल्या. अज्जांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. पथकाला उशीर होत होता, म्हणून आम्ही निघालो.

मतदानाच्या दिवशी मी सहालाच फाटकाशी टेबल मांडलं. माझं स्वतःचं मत आधीच पाकिटातून गेलेलं, कारण माझं घर शहराच्या दुसऱ्या मतदारसंघात. थंडी नुकती पडायला लागली होती. साडेसहाला गल्लीतून काठीचा आवाज आला. अज्जा येत होते. तेच धोतर, तीच टोपी, तेच पट्टे. कोपराखाली सूनबाईंचा हात. शेजारी-पाजारी नेहमीसारखे त्यांच्या मागं.

मनात म्हटलं, झालं. आता हे पायऱ्या चढणार, आतला अधिकारी यादीतली खूण बघून सगळ्यांसमोर “तुम्हाला मत देता येणार नाही” म्हणणार, आणि ते ऐकून अज्जा परत उतरणार. मी टेबल सोडून धावले.

“अज्जा, तुमचं मत झालंय. आत घेणार नाहीत हो.”

“ठाव हाय मला. वरडू नगंस,” अज्जा म्हणाले. “हितं कुनी मागाजवळ बसलंय का?”

पुरुषांच्या रांगेत लोकांनी त्यांना सवयीनं पुढं जागा दिली. ते सगळ्यात पुढं जाऊन उभे राहिले. सूनबाई बायकांच्या रांगेत मागं कुठंतरी, पदर सावरत, घरच्या वाटेकडं बघत. सातला दार उघडलं. पोलिसानं पुरुषांच्या रांगेला खूण केली. अज्जा हलले नाहीत. मागच्याला काठी आडवी धरली आणि बायकांच्या रांगेकडं तोंड केलं.

“सूनबाई, म्होरं हो.”

“मी? मामा, मी आपली सोडायला आले तुमाला. घरी कणीक भिजवून ठेवलीया.”

“भिजू दे. चूल बंद हाय आज. मी सांगून आलोय, सगळ्यांनी दिवाळीचा चिवडा खायाचा.” मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, मागाजवळ बोलतात तसं ते बोलले, “माजी भवानी घरीच झाली. हितली भवानी हिच्या हातची. हात लई चांगला हाय तिचा, मी रोज खातोय.”

बायकांच्या रांगेत हसू फुटलं आणि रांग आपोआप बाजूला झाली. सूनबाई माझ्याकडं बघायला लागल्या, जणू मी नियम सांगून त्यांची सुटका करणार होते. मला एकही नियम आठवला नाही. मी यादी उघडली, त्यांचं नाव काढलं, चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या हातात दिली. 

आठ पायऱ्या त्या धावतच चढल्या. आत किती वेळ लागला कुणास ठाऊक. अज्जा पायरीशी दाराकडं बघत उभे होते, आणि मी अज्जांकडं. त्या बाहेर आल्या तेव्हा ओल्या शाईचं बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं धरलं होतं, साडीला लागू नये म्हणून.

“कितवं?” अज्जांनी विचारलं.

“एक,” त्या म्हणाल्या.

अज्जांनी मान हलवली आणि मागं वळून रांगेला म्हणाले, “जावा आता.” मग माझ्याकडं न बघताच, “तंगी, सांजच्याला चहाला ये,” असं म्हणून काठी टेकत घराकडं निघाले.

रांग सरकायला लागली. सूनबाई मात्र पायऱ्यांखालीच उभ्या. एक पाऊल घराकडं टाकलं, थांबल्या, परत आल्या. सव्वासात वाजले होते, चूल बंद होती, मत देऊन झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू परीक्षेत पेपर लवकर सुटलाय आणि बाहेर जायला परवानगी आहे की नाही ते कळत नाही.

“मॅडम,” त्या माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, “आता मी काय करू?”

मी बाकावर सरकले. त्या बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यांना बघून थबकत होत्या, इतक्या सकाळी ही इथं कशी म्हणून, आणि विचारत होत्या, “झालं का गं?” त्या प्रत्येकीला बोट दाखवत होत्या आणि म्हणत होत्या, “पहिलंच.” नऊ वाजेपर्यंत त्या तिथं बसल्या होत्या.